बाबांच्या हातात जॉयस्टिक

मंडळी, दुपारपासून मला चैन नाही.

विमान उडवायचे गेम खेळायला पहिला कॉम्प्युटर घ्यायचाय, म्हणून बाबांना घेऊन बोईसरच्या दुकानात गेलो होतो. मी मोठ्या मॉनिटरवर अडून बसलो. बाबांनी मात्र जॉयस्टिक धरली. आमच्या किनाऱ्यावरच्या नवापूरला त्यांनी जन्मभर बोट चालवलीय. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, म्हणून इथेही त्यांनी तसंच केलं. पडद्यावरचं विमान थेट समुद्रात गेलं.

"पडदा लहान चालंल," ते म्हणाले, "पन दांडा चांगला घे. मी शिकतो."

घरी आल्यापासून ते लाटणं धरून नव्या पद्धतीने वळायचा सराव करतायत. उद्या पहाटे त्यांना बोट घेऊन निघायचंय.

जॉयस्टिक सुकाणूसारखी उलटी चालवायची सोय असते का? ठाऊक असेल तर आजच कळवा, त्यांच्या हाताची सवय बदलायच्या आत.