बाबांच्या डाव्या हाताचं माप

घरचं मी इथे सहसा लिहीत नाही. आज लिहिते आहे.

माझे बाबा वीस वर्षं रिव्हॉल्व्हरची नेमबाजी करत होते. गेल्या वर्षी पडल्यामुळे त्यांचं उजवं मनगट अधू झालं आणि त्यांनी रेंजवर जाणंच सोडलं. मी डिझाइन इंजिनिअर आहे. रिव्हॉल्व्हरच्या मुठीला डाव्या हाताजोगा आकार द्यावा म्हणून जुन्या लाकडी मुठीचं ड्रॉइंग केलं, कॉम्प्युटरवर आरशासारखं उलटवलं आणि शिवाजी पेठेतल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं.

काकांनी कागद पाहिला. "डावा हात मोजलास की न्हाय?"

"उजव्यासारखाच असणार ना, काका."

"व्हय? म्हंजे बापाचा हात तू कधी नीट बघितलाच न्हाईस की, पोरी."

घरी येऊन बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेतला आणि बाबांसमोर बसले. डावा तळवा चार मिलिमीटरनं अरुंद निघाला. मोजायला अर्धा तास लागला. एवढा वेळ त्यांचा हात मी लहानपणानंतर धरला नव्हता.

आज सकाळी, काकांनी त्या मापानं घडवलेल्या नव्या मुठीची रेंजवर चाचणी झाली. पाचातल्या दोनच गोळ्या कागदाला लागल्या. मला वाटलं, आता बाबा पुन्हा येणार नाहीत.

त्यांनी रिव्हॉल्व्हर रिकामं करून खाली ठेवलं आणि डावा हात माझ्यापुढे केला. "अंगठ्यापाशी टोचतंय बघ. परत मोजतीस काय?"

व्हर्नियर पर्समध्येच होता. तरी मी म्हटलं, घरी जाऊन निवांत मोजू.

तुमच्या माणसांचं असं काय आहे, जे तुम्ही न मोजताच धरून चाललाय?