समतेच्या पैशातली खोली

आमच्या भागात दसऱ्याला सगळ्याच अवजारांची पूजा होते. वखर, तराजू, सायकल, बस, काही सुटत नाही. म्हणून आदिलाबादला परदेशी पैशातून मुलींसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला, तेव्हा पहिल्याच दसऱ्याला कॉम्प्युटरचीही पूजा झाली आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मला विचारतो कोण.

नव्वदचं दशक निम्म्याच्या पुढे गेलं होतं. खेड्यातल्या मुलींसाठी आमच्याकडे तोवर पैसा आला तो शिलाई मशीनचा, नाहीतर पापड-लोणच्याचा. हे नवीन होतं. संस्थेच्या फाटकावर इंग्रजी पाटी होती, नवं तंत्रज्ञान आणि स्त्री-पुरुष समानता अशा अर्थाची. आत पडदे लावलेली गार खोली, चपला बाहेर, आणि टेबलांवर झाकून ठेवलेल्या चार मशिनी. मुली मात्र खोलीत मावत नव्हत्या. आमचा भाग मराठी बोलणारा, पण आंध्रात; संस्था चालवणाऱ्या बाई तेलुगू होत्या, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो.

मी भीमपूरकडची. आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण केलं, बाबा शाळामास्तर झाले. आमच्या घरी बुद्धवंदना व्हायची, देव्हारा नव्हता, आणि विटाळ हा शब्द शिवीपेक्षा वाईट मानला जायचा. गावानं पिढ्यानपिढ्या ज्यांना विटाळ म्हणून लांब उभं केलं, त्यांनी आपल्याच पोरींना महिन्याच्या महिन्याला लांब बसवायचं काय, असं बाबा म्हणायचे. आई पाळीच्या दिवसांतही चुलीपाशी असायची आणि मीही तशीच वाढले. त्याचं काही विशेष असतं हे मला आदिलाबादला आल्यावर कळलं.

वर्ग संपला की आमच्यातल्याच एका मुलीला शिकवायला ठेवणार होते, पगारावर. ती नोकरी मला हवी होती. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि नोकरी लागली तर लग्न पुढे ढकलू, असं बाबांनी कबूल केलं होतं. त्यामुळे मी त्या मशिनीवर जीव तोडून शिकले. हिरव्या अक्षरांच्या त्या पडद्यासमोर बसलं की मला भूक लागायची नाही. हे सांगताना आजही मला लाज वाटत नाही, इतकं ते खरं होतं.

तर पूजा झाली. मशिनींना झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला, कीबोर्डवर मूठभर हळदकुंकू आणि अक्षता पडल्या. दोन दिवसांनी मी बसायचे त्या मशिनीची अक्षरं अडकायला लागली. एक दाबावं तर तीन उमटायची, नाहीतर एकही नाही. त्याच सकाळी बसमध्ये मी माझ्या मैत्रिणीला सांगितलं होतं की पाळी आली आहे, पोट दुखून राह्यलं. ती आमच्याच बाजूची, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या जमीनवाल्यांच्या घरातली, रोज माझ्याशेजारी बसणारी. तिनं ते आणखी कुणाला तरी सांगितलं. वाईट मनानं नाही, नुसतीच घाबरून.

दुपारी मॅडमनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मायेचा. "अम्मा, उन दिनों में मशीन कू हात नक्को लगाओ. पूजा की हुई चीज है."

मी म्हटलं, आमच्याकडे तसं पाळत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्हारे घर में नै पालते, ठीक है. यहाँ तो पालना पड़ता."

दुरुस्तीवाला नागपूरहून आला. त्यानं कीबोर्ड उचलून टेबलावर उलटा झटकला, तर भसकन कुंकू पडलं, वर दोन-चार अक्षता. तो हसला आणि म्हणाला, "ये क्या खिलाया मॅडम इसको?" मॅडमही हसल्या. कुंकू पुसलं, मशीन चालू झाली. मला वाटलं, चला, मिटलं. डोळ्यांसमोर कुंकू पडलं, आता आणखी काय पाहिजे? पण डोळ्यांनी पाहिलेलं माणसं मनावर घेतातच असं नाही. नियम राहिला तो राहिलाच, आणि फक्त माझ्यापुरता नाही, सगळ्यांसाठी.

तो का राहिला हेही मला हळूहळू दिसलं. चार मशिनींपुढे मुलींची रीघ. रोज दोन-तीन जणी बाहेर बसल्या की आतली गर्दी बेतशीर व्हायची. भांडणं कमी झाली. बाहेर बसणाऱ्यांच्या हातात रुमाल आणि दोरा द्यायचे, रिकामं बसायला नको म्हणून. कॉम्प्युटर शिकायला आलेल्या पोरी व्हरांड्यात रुमालावर गुलाब काढत बसायच्या.

मॅडम रोज सकाळी हजेरी झाली की विचारायच्या, आज कुणाची पाळी आहे. मैत्रीण मला म्हणायची, "सांगू नको न वं. कोनाले दिसते?" खोटं बोलून आत बसणं अवघड नव्हतं. बाकीच्या काहीजणी ते करतही होत्या. पण मला ते जमेना. लाज वाटण्यासारखं काही नाही असं घरात शिकायचं आणि इथं येऊन तेच लपवायचं, म्हणजे घरी शिकले ते काय? मी दर वेळी हो म्हणायचे आणि वर हेही म्हणायचे की मला आत बसू द्या. दर वेळी बाहेर जायचे.

मग पैसे देणाऱ्या देशातून पाहुण्या बाई येणार असं ठरलं. काम आवडलं तर पुढच्या टप्प्याचा पैसा मिळणार होता. मशीन चालवून दाखवायला मॅडमनी मला निवडलं होतं. मुलींत माझाच हात बसलेला होता, हे त्यांनाही मान्य होतं. नेमकी त्याच सकाळी मला पाळी आली. मी सांगितलं. मला आतून खात्री होती की आज तरी त्या म्हणतील, जाऊ दे, बस. त्या कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या आणि माझ्या जागी मैत्रिणीला बसवलं. एवढं मात्र म्हणेन, मॅडम ढोंगी नव्हत्या. त्यांचा मनापासून विश्वास होता. ढोंगी बाई परवडली असती.

गोऱ्या बाई आतलं बघून बाहेर आल्या. व्हरांड्यात मी रुमाल घेऊन बसलेली. त्यांनी विचारलं, ही का बाहेर? मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, तिची पाळी आहे, आमच्याकडे मुलींना या दिवसांत विश्रांती देतात. गोऱ्या बाईंचा चेहरा उजळला. आमच्या देशात अशी रजा मागून बायका थकल्या, असं काहीतरी त्या म्हणाल्या. बाबांनी घोटून घेतलेलं इंग्रजी मला तेवढं समजत होतं. मी उठून उभी राहिले आणि जमेल तशा इंग्रजीत म्हणाले, "मी थकलेली नाही. मला काम करायचंय. हे मला आत येऊ देत नाहीत."

गोऱ्या बाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम भरभर बरंच बोलल्या. त्यातला रूढी, परंपरा असा काही शब्द मला ओळखू आला. गोऱ्या बाईंनी मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात मला सांगितलं की मुली, आराम कर. त्यांचा हात मऊ होता. त्या हाताचा मला आजही राग येतो.

पैसा मंजूर झाला. त्यात मुलींच्या आरोग्यासाठी वेगळी रक्कम होती आणि त्यातून अंगणाच्या मागच्या बाजूला एक पक्की खोली उठली. पंखा, दोन खाटा, प्यायच्या पाण्याचा माठ. दारावर 'महिला विश्रांती कक्ष'. पूर्वी बाहेर बसायला व्हरांडा होता, आता समतेच्या पैशातून चार भिंती आणि दाराला कुलूप आलं. मुली खूश होत्या. मैत्रीण म्हणाली, "काऊन तोंड पाडून बसली वं? उन्हात बसा लागत होतं, आता पंखा हाय न."

आणि नोकरी मलाच देऊ केली. माझं इंग्रजी पाहुण्या बाईंना आवडलं होतं. मॅडमनी मला समोर बसवून काम समजावलं: सकाळी हजेरी, मग मुलींना विचारायचं, ज्यांची असेल त्यांना मागच्या खोलीत पाठवायचं, मग वर्ग. खोलीची किल्ली त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, शिकवीन, पण विचारणार नाही. त्या म्हणाल्या, "पूछना भी काम ही है, अम्मा." मी किल्ली त्यांच्याकडे सरकवली.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पगार चांगला होता, बाई. तुले तं कोनी त्या मागच्या खोलीत बसवत नव्हतं. दुसऱ्याच्या पोरींले निस्तं इचाराचं होतं." महिनाभरात माझं लग्न ठरलं.

लग्नाआधी एकदाच मी तिकडे गेले, माझं सर्टिफिकेट आणायला. नोकरी मैत्रिणीला मिळाली होती. कंबरेला किल्ली लटकवून ती दारात उभी होती. मला पाहून मनापासून हसली, कशी आहेस विचारलं, होणारा नवरा काय करतो विचारलं. मग त्याच सुरात, हजेरी घ्यावी तसं, म्हणाली, "तुह्यी पाळी नाही न आज?"

नव्हती. पण मी उत्तर दिलं नाही. नुसतं म्हटलं, कागद बाहेरच आणून दे.

ती आत गेली. सर्टिफिकेट आणि ऊन आहे म्हणून पाण्याचा पेला, दोन्ही घेऊन आली. दोन्हीतलं काहीच तिनं माझ्या हातात दिलं नाही. पायरीवर ठेवलं आणि मी उचलावं म्हणून चार पावलं मागे सरून उभी राहिली.