पुढारीपण शिकवाले गेलतो

महिनाभर नागपुरात ग्रंथपालाचं शिक्षण घेऊन मी यवतमाळला परतलो, तेव्हा माझ्या अंगावर एक नवीन जाकीट होतं आणि तोंडात एक नवीन शब्द होता. तो म्हणजे नेतृत्व. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या वाचनालयातून खेड्यापाड्यांना पुस्तकांच्या पेट्या जायच्या. एका पेटीत चाळीस पुस्तकं, आणि गावात जो ती सांभाळेल तो तिथला ग्रंथपाल. कुठे मास्तर, कुठे शिंपी, कुठे नुसताच वाचता येणारा माणूस. या सगळ्यांना आपण पुढारी बनवायचं, असं मी ठरवलं. मी स्वतः तोवर कशाचाही पुढारी नव्हतो. वाचनालयातला शिपाईसुद्धा मी सांगितलेलं काम आधी दुसऱ्या कोणाला विचारून मगच करायचा.

दिवाळीच्या सुट्टीत महागावच्या शाळेत तीन दिवसांचा वर्ग ठरला. चौदा जण आले. मी फळ्यावर ग्रंथपालाचे सात गुण लिहिले. पहिला गुण धैर्य. सातवा मला आठवेना, म्हणून खिशातला कागद काढून पाहिला. तो होता आत्मविश्वास.

दुपारी प्रत्येकाची नोंदवही तपासायला घेतली. फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावरचे ग्रंथपाल आले होते. पन्नाशीचे, डोक्याला लाल पागोटं, हातावर शेतीचे घट्टे. त्यांच्याकडे वहीच नव्हती.

"वही कुठे आहे?"

"वही नाही जी."

"मग कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं, हे कसं कळतं?"

"मले मालूम आहे न."

"तुम्हाला मालूम असून काय उपयोग? हे वाचनालय आहे, तुमचं वावर नाही."

दोघे-तिघे हसले. मला वाटलं, काय छान वाक्य सुचलं! ते मात्र पागोटं नीट करून बाकावर बसून राहिले. मी पुन्हा धैर्याकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जागा रिकामी. त्यांच्या बाजूच्या गावांतले आणखी चार जण नाहीत. मुकुटबनचे एक मास्तर पुढच्याच बाकावर बसायचे. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून आलेला हा गंभीर चेहऱ्याचा माणूस. ते उठून म्हणाले, "साहेब, काल तुम्ही शिकवलं की पुढारी चालू लागला की लोक त्याच्या मागं जातात. बरोबर शिकवलं. ते पुढं गेले, चार जण मागं गेले."

मी हसायचा प्रयत्न केला. मग त्यांनाच हळूच विचारलं, "आता काय करावं?"

"काय करता? जाऊन या. मी येतो संगं."

उरलेल्यांना पेटीतली पुस्तकं चाळत बसायला सांगून आम्ही बैलबंडीने निघालो. वाटेत मी माफीचं भाषण मनात जुळवत होतो, त्याला प्रस्तावनासुद्धा होती. तांड्यावर पोचलो तर कळलं, ते वावरात आहेत. वावरात गेलो. ते कापूस वेचत होते, आणि वर्गातून गेलेले चौघंही त्यांच्याबरोबर वेचत होते.

"मी जरा बोलायला आलो होतो," मी म्हणालो.

"बोला न. पण हात रिकामे कायले ठेवता? वेचता वेचता बोला."

मी जाकीट काढून बांधावर ठेवलं, धोतराच्या सोग्याची ओटी केली आणि वेचायला लागलो. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं सोलून निघाली. एक ओळ संपायच्या आत प्रस्तावना विसरलो, शहरी मराठीही गळाली. "काल मी चुकलो," मी म्हणालो. "चारचौघांत तसं बोलाले नव्हतं पाहिजे. मले माफ करा."

हातातला कापूस ओटीत टाकून ते मग म्हणाले, "हसले त्याचं काही नाही जी. पण तुम्ही विचारलं नाही. मले मालूम आहे म्हटलं, तं काय मालूम आहे हे तरी विचारा लागत होतं."

"मग आता विचारतो."

ते मला तांड्यावर घेऊन गेले. विहिरीबद्दलचं पुस्तक तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, घरी होतं, कारण त्याच्या विहिरीला अजून पाणी लागलं नव्हतं. बाळंतपणावरचं एका तरण्या सुनेकडे. तिची सासू पोथी समजून त्याला रोज हळदकुंकू वाहत होती. एक चित्रांचं पुस्तक एका म्हातारीकडे, जिला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणायचा, उतरंडीच्या वरच्या गाडग्यात जपून ठेवलेलं. तिला वाचता येत नव्हतं, पण हत्तीचं पान कितवं हे ती न बघता काढायची. संध्याकाळी हे ग्रंथपाल मराठीतून वाचत, तांड्याच्या गोरबोलीतून समजावून सांगत, आणि लोक काय म्हणतात ते ऐकून घेत. प्रत्येक पुस्तक कोणी नेलं आणि काहून नेलं, हे त्यांनी मला एकदाही न अडखळता सांगितलं. मी पुस्तकं बोटांवर मोजत होतो. एकोणचाळीस झाली.

"एक कमी आहे," मी म्हणालो. आवाजात थोडा जोर परत आला असावा.

"हो जी. गुराच्या आजाराचं. मागच्या साली तुम्ही तपासणीले आलते, वही न पाहताच घाईत निघाले, तवा एस.टी.त वाचाले नेलं. दोन गाई आजारी पडल्या तवा लई आठवण आली त्याची."

ते पुस्तक माझ्या घरी, उशाशी होतं. माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती. मुकुटबनचे मास्तर आभाळाकडे बघू लागले.

तिसऱ्या दिवशी ते पाचही जण वर्गाला आले. मी फळा पुसला आणि म्हटलं, आज तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. शिंप्याने सांगितलं, कापड शिवायला आलेल्या माणसाला थांबवून ठेवायचं आणि तेवढ्यात दोन पानं वाचून दाखवायची. मुकुटबनच्या मास्तरांनी सांगितलं, जे वाचायला येत नाहीत त्यांच्या खळ्यावर आपणच जायचं. माझी वही भरली. गुण सातापेक्षा पुष्कळ जास्त निघाले, आणि मी फळ्यावर लिहिलेल्या सातांपैकी त्यात एकच होता.

यवतमाळला पोचताच गुरांचं पुस्तक मी तांड्यावर पाठवलं, सोबत एक कोरी नोंदवहीही. तिथल्या ग्रंथपालांनी ती ठेवली, पण एक रकाना वाढवून घेतला. 'कशासाठी नेलं.' मला तो इतका आवडला की मी सगळ्या जिल्ह्याच्या वह्यांत घातला. अहवालात मात्र लिहिलं, 'ही कल्पना प्रस्तुत लेखकास सुचली.' वरून शाबासकीचं पत्र आलं. ते मी चौकटीत लावलं.

दोन वर्षं तो रकाना मला टोचत राहिला. शेवटी ग्रंथपालांच्या मेळाव्यात, सगळ्यांसमोर, उभा राहून मी कबूल केलं की तो माझा नाही, तांड्याच्या ग्रंथपालांचा आहे. कबुली देतानाही मला राहवेना. तिच्यात मी प्रामाणिकपणाच्या महत्त्वावर बराच वेळ बोललो. ते मागच्या रांगेत बसले होते. अखेर त्यांनी हात वर केला.

"समजलं जी आमाले. आता बसा. भाकरी थंडी होऊन राह्यली."

मी बसलो. सगळे त्यांच्या मागे जेवायला गेले, मीही गेलो.