इंडियात असलेली आजी

अमेरिकेतल्या या अ‍ॅशबर्नमध्ये खरं बोलणारी माणसं पुष्कळ असतील, पण चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत बघून खरं बोलणारं माणूस एकच आहे, आणि मी त्यांच्याकडे नोकरी करते. सगळे त्यांना काकू म्हणतात. घराच्या बेसमेंटमध्ये त्या डेकेअर चालवतात. निम्मी मुलं आपली, निम्मी मेक्सिकन. मेक्सिकन आईवडिलांना 'काकू' हे त्यांचं नावच वाटतं, त्यामुळे डिसेंबरात येणाऱ्या कार्डांवर 'मिस काकू' लिहिलेलं असतं. मी इंटरव्ह्यूला गेले तेव्हा जेमतेम दोन-तीन वाक्यं बोलले होते. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "बोलायचं काम माझ्याकडे आहेच."

आणि ते त्या मन लावून करतात. लस टोचून घ्यायला निघालेल्या मुलाला त्याची आई सांगत असते की काही होणार नाही बाळा, एक मुंगी चावेल. काकू त्याला जवळ बोलावून सांगतात, "दुखणार. चांगलंच दुखणार. रडून घे, मग थांबतं." दुसऱ्या दिवशी तो दंड दाखवत येतो आणि त्या खरं बोलल्या होत्या याचा त्याला इतका आनंद झालेला असतो की दुखल्याचं तो विसरतो. पडलेला दात रात्री उशीखालून परी नेते का, असं एका मुलीने विचारलं तेव्हा काकूंनी सांगितलं, "आई नेते. डबीत ठेवते. बघायचा असेल तर माग." त्या संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. काकूंनी तो मला घ्यायला लावला, कारण मी फोनवर नुसतं "हो, हो" म्हणते आणि समोरचा शेवटी थकतो. वर्गातला गोल्डफिश मेला तेव्हा मी हळूच म्हटलं होतं, "काकू, सेम दिसणारा आणते ना, मुलांना कळणार नाही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगाचच क्रेयॉन गोळा करायला लागले. मग त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं, मासा तळहातावर घेतला आणि सांगितलं, "हा मेला. आता तो हलणार नाही. हात लावून बघायचं असेल तर बघा." मुलांनी रांग लावली. त्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर बराच वेळ टायपिंग चाललं होतं. थोडा सौम्य शब्द वापरता येईल का, असं सगळ्यांच्या वतीने एकाने विचारलं. मी ते वाचून दाखवलं. "मासा आहे तो," काकू म्हणाल्या. "त्याला काय 'वारला' म्हणू?"

अशा बाईने दर ऑक्टोबरात मेलेल्या माणसांच्या फोटोंची आरास मांडावी यात नवल नाही. पूर्वी त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका मेक्सिकन बाईने ती शिकवली. पुढे ती टेक्ससला गेली, आरास इथे राहिली. चपलांच्या रॅकवर चादर घालून तीन पायऱ्या करायच्या, झेंडूची फुलं, पाण्याचा ग्लास, मीठ, गोड पाव, रंगीत कागदाच्या कापलेल्या पताका, आणि घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्यासमोर त्याच्या आवडीचं काहीतरी. मेणबत्त्या बॅटरीच्या, कारण डेकेअरचं लायसन्स. काकू नागपूरच्या, बौद्ध घरातल्या. मी विचारलं होतं एकदा, तुम्ही आत्मा मानता का म्हणून. "छे गं," त्या म्हणाल्या, "कोणी येत नाही अन् जात नाही. पण ज्याच्याबद्दल बोलतो तो माणूस घरात राहतो. अन् पोरांच्या हाताला कात्रीची सवय होते."

गेल्या वर्षी मात्र त्यांनी पालकांचं ऐकलं. कदाचित माशाचं प्रकरण मनाला लागलं असावं. मुलांना समजावताना 'मेलेला' हा शब्द त्यांनी गिळला. म्हणाल्या, "जे माणूस आपल्याला खूप आवडतं, पण आता आपल्या घरी येऊ शकत नाही, त्याचा फोटो आणा." मी मागे पताका लावत होते. मलाही त्यात काही चूक दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी आपली मुलं फोटो घेऊन आली. नाशिकची आजी, दादरचे आजोबा, व्हिसा नाकारलेले दोन्हीकडचे आजी-आजोबा एकाच फ्रेममध्ये. काकू सकाळभर लायसन्सच्या इन्स्पेक्शनमध्ये वरच्या मजल्यावर होत्या. मी प्रत्येक फोटोला झेंडूचा हार घातला आणि मनात म्हटलं, बिचारी मुलं, किती माणसं गेलीत यांची.

संध्याकाळी पहिले बाबा न्यायला आले आणि दारातच थांबले. "काकू! अहो, ही माझी आई आहे!"

"छान दिसतात हो."

"जिवंत आहे ती! आत्ता सकाळी बोललो मी तिच्याशी!"

काकूंनी फोटोकडे बघितलं, हाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आरव," त्यांनी मुलाला विचारलं, "ही आजी कुठे असते?"

"इन इंडिया. शी कान्ट कम," आरव म्हणाला. "यू सेड."

मग एकेक जण येत गेला आणि जिन्यावर कालवा वाढत गेला. "यार, बाबांच्या फोटोला हार? अनलकी असतं हे!" एका आईने हार काढून फोटो छातीशी धरला आणि तिथूनच वडिलांना फोन लावला, तिकडे पहाट होती, ते घाबरून उठले, आणि काय झालं ते तिला सांगता येईना. काकू सगळ्यांना एकच सांगत होत्या, "चूक माझी. गुळगुळीत बोलायला गेले." फोटो भराभर उतरले. हसू येत होतं आणि येत नव्हतं. ती माणसं मुलांच्या हिशोबाने आराशीवरच शोभत होती, हे फोटो उतरवताना कोणी बोललं नाही.

आपल्यांपैकी शेवटी आली ईराची आई. ईरा आमच्याकडची सगळ्यात कमी बोलणारी, म्हणून माझी लाडकी. तिची आजी दोन वर्षं इथे राहून तिला सांभाळत होती, मग सांगलीला परत गेली. "मम्मा, टेक आजी ऑल्सो," ईरा म्हणाली. "एव्हरीबडी इज टेकिंग."

तिच्या आईने हात पुढे केला आणि फोटोच्या अलीकडेच थांबवला. हार तसाच राहिला.

"ईरा, तू जा, शूज घाल," ती म्हणाली. ईरा हलली नाही. तेव्हा ती काकूंच्या कानाशी येऊन पुटपुटली, "जूनमध्ये गेली, काकू. आम्ही हिला सांगितलंय, आजी इंडियात आहे. रोज व्हिडिओ कॉल लाव म्हणते. मी म्हणते, नेटवर्क नाही." तिने काकूंचा दंड धरला. "तुम्ही सांगा ना. तुम्हाला जमतं."

मला वाटलं, काकू सांगतील. पण त्या गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून खाली सतरंजीवर बसल्या. "आई तुझी होती," त्या म्हणाल्या. "तू सांग. मी बसते इथे."

मग ईराची आई लेकीसमोर उकिडवी बसली. "ईरा, आजी इंडियात नाहीये. आजी मेली."

ईराने आईकडे बघितलंच नाही. ती काकूंकडे वळली. "इज इट ट्रू?"

काकूंनी होकारार्थी मान हलवली.

ईरा रडली नाही. आराशीजवळ जाऊन उभी राहिली. सगळे फोटो गेल्यावर तिथे दोनच उरले होते: तिच्या आजीचा, आणि खालच्या पायरीवर टोपी घातलेल्या, भल्यामोठ्या मिशांच्या एका म्हाताऱ्याचा. तो मतेओचा पणजोबा; बाकीच्या मेक्सिकन मुलांचे फोटो त्यांच्या घरच्या आराशीवर होते. मतेओची आई उशिरा येते, म्हणून तो अजून कोपऱ्यात ठोकळे रचत होता.

"शी डझन्ट नो हिम," ईरा म्हणाली. "आजी डझन्ट टॉक टु पीपल शी डझन्ट नो."

खरं होतं ते. दोन वर्षांत त्या बाई पार्कात कोणाशी बोलल्या नव्हत्या. इंग्रजी येत नाही म्हणून बाकावर बसून नुसत्या हसायच्या.

मतेओ उठून आला. "ही इज नाइस," तो म्हणाला. "ही हॅड अ हॉर्स."

ईराने काकूंकडे बघितलं. "मग मतेओला सांग तुझ्या आजीबद्दल," त्या म्हणाल्या. "त्याला तरी कळू दे कोण आहे ते."

ईराने आजीचा फोटो स्वतः उचलून खालच्या पायरीवर, मिशांच्या शेजारी ठेवला. मग दोघं त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि ती सांगू लागली: आजी द्राक्षं अर्धी कापून देते. आजीला एस्कलेटरची भीती वाटते. आजी झोपताना पाय चोळून देते आणि मध्येच स्वतःच झोपते.

"लिफ्टचीही वाटायची," तिची आई म्हणाली. ती अजून तिथेच जमिनीवर बसली होती. "डोळे मिटून घ्यायची लिफ्टमध्ये." ती हसली आणि मग तोंडावर हात धरून खूप वेळ रडली. मी काकूंना उठवायला हात पुढे केला, तर त्यांनी मलाच धरून खाली बसवलं. वर दारात मतेओची आई येऊन उभी होती. तिला काय चाललंय ते कळलं असावं, कारण तिने मुलाला हाक मारली नाही. कोट काढला आणि जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत राहिली.