सासऱ्यांची लाकडाची शाळा

माझे सासरे माणसांशी केवळ नाइलाज म्हणून बोलतात. त्यांचं खरं मैत्र लाकडाशी. कुणाच्या घरी गेले की ते आधी दार बघतात, मग चौकट, आणि वेळ उरलाच तर घरातली माणसं. माझं लग्न ठरवायला ते हैदराबादहून पुण्याला आले, तेव्हा नोकरी, शिक्षण, स्वभाव अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं आम्ही घोकून ठेवली होती. सासऱ्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. चहा येईपर्यंत ते दिवाणखान्यातल्या भिंतभर कपाटावर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरले, जागोजागी कान लावला आणि शेवटी माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगा ठीक आहे जी. कपाट भुशाचं आहे." त्या कपाटाचं कौतुक माझी आई आल्यागेल्याला ऐकवत असे. लग्न झालं, पण आई आणि सासरे यांच्यात त्या दिवशी जी फट पडली ती आजतागायत बुजलेली नाही. आणि हे गृहस्थ जन्मभर सांधे जुळवण्याचा धंदा करत आले!

घराणं नांदेडकडचं, शेतकऱ्याचं. हे मात्र तरुणपणीच हैदराबादला रेल्वेच्या कारखान्यात सुतार म्हणून लागले आणि डब्यांच्या लाकडी खिडक्या, बाकं, दारं दुरुस्त करण्यात रमले. पुढे डबे पोलादाचे झाले. ही गोष्ट ते घरातलं कर्तं माणूस गेल्यासारखी सांगतात, आणि ऐकणाऱ्यानं निदान मिनिटभर गप्प बसावं अशी त्यांची अपेक्षा असते. मग सुट्टीच्या दिवशी जुन्या देवड्यांचे, म्हणजे नवाबी वाड्यांचे सज्जे, जिने, तावदानं दुरुस्त करायला जाऊ लागले. निवृत्तीनंतर तारनाक्याच्या घरी स्वस्थ बसतील अशी सासूबाईंना भाबडी आशा होती. पण जुन्या इमारती जपणाऱ्या एका संस्थेनं नेमका तेव्हाच वास्तुविशारद आणि इंजिनियर लोकांसाठी लाकडी इमारतींच्या दुरुस्तीचा वर्ग काढला. व्याख्यानं द्यायला तज्ज्ञ रग्गड मिळाले. त्यांतल्या एकालाही रंधा धरता येत नाही हे जरा उशिरा लक्षात आलं. म्हणून सासऱ्यांना बोलावणं आलं. तोवर माझीही हैदराबादेला बदली झाली होती, तेव्हा दर शनिवारी त्यांना गाडीतून नेणं आणि पडद्यावर चित्रं दाखवणं ही कामं माझ्या गळ्यात पडली. संगणकातला माझा चौदा वर्षांचा अनुभव अखेर एक वायर खोचण्याच्या कामी आला. तोही एकदाच. पहिल्याच दिवशी मी पडद्यावर सागवानाचं सुरेख चित्र लावलं. सासऱ्यांनी विचारलं, "याचा वास येतो का?" म्हटलं, नाही. "मग बंद करा, जावईबापू."

वर्गात बारा जण होते. कुणी परदेशातून पदवी आणलेली, कुणी दहा मजली इमारती उठवलेले. सासऱ्यांनी पहिला शनिवार त्यांच्याकडून भुसा झाडून घेण्यात घालवला. दुसऱ्या शनिवारी डोळ्यांना फडकी बांधून लाकडं हुंगायला दिली. एका बड्या वास्तुविशारदानं बराच वेळ श्वास ओढून "चंदन" असं जाहीर केलं. ते दुपारच्या डब्याचं झाकण निघालं. वर्गाची भाषा दखनी, तेलुगू आणि मराठी यांची खिचडी होती, पण सासऱ्यांचा टोमणा कुणालाही कळायला अडचण येत नसे. कुणी जास्त शंका काढल्या की ते म्हणत, "बातां नक्को, हात चलाव." कुणी प्रमाणपत्राची चौकशी केली की म्हणत, "मिळेल ना! कागद लाकडापासूनच बनतो. काहीतरी तर शिकले म्हणावं." मात्र त्यांचं खरं वैभव म्हणजे ठोकणं. खांबावर तीन टकटकी मारायच्या, कान लावायचा, आणि आत वाळवी आहे की लाकूड निरोगी, हे डॉक्टरसारखं सांगायचं. "लकडी झूट नहीं बोलती," असं ते म्हणाले की परदेशी पदव्यासुद्धा वहीत उतरवून घेत.

वर्गाच्या शेवटी प्रत्यक्ष काम करायचं होतं. चिक्कडपल्लीत एका जुन्या वाचनालयाची इमारत होती. आत आठ सागवानी खांबांवर तोललेला लाकडी सज्जा, वर पुस्तकांची कपाटं. इमारतीच्या विश्वस्तांना तिथं फंक्शन हॉल हवा होता, कारण हैदराबादेत लग्नासाठी जागा कमी पडतात असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. खूप विनवण्यांनंतर त्यांचे सेक्रेटरी इतकं कबूल झाले की वर्गानं सज्जा तपासावा, दुरुस्त करावा आणि सुरक्षित असल्याचं लिहून द्यावं, नाहीतर पाडकाम.

सासरे एकेक खांब ठोकत निघाले. "पक्का." खडूनं खूण. "पक्का." खूण. जिन्याजवळच्या खांबाशीही तेच झालं. पण त्यांच्यामागून तोच खांब ठोकून बघणारी लावण्या नावाची एक इंजिनियर मुलगी हळूच म्हणाली, "सर, ये पोला है." आत पोकळ आहे म्हणे! सासरे तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आठ शनिवारांत तू मला शिकवणार? जा, लॅपटॉपला विचार." सगळे हसले. मीही हसलो, हे सांगितलं पाहिजे. ती पोरगी लालबुंद होऊन बाजूला झाली.

परतताना मी विचारलं, "वाटेत वडा खायचा का?" सासरे म्हणाले, "साडेपाच." मला वाटलं, विनोद असेल; पण त्यांच्या नावावर तोवर एकही विनोद जमा नव्हता. मी पुन्हा विचारलं. ते खिडकीबाहेर बघत होते, त्यांनी मान वळवलीच नाही. घरी पोचल्यावर सासूबाईंना हा किस्सा हसत हसत सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, कुकरच्या शिट्ट्या मी एकटीच मोजते. कुणाला सांगू नको, अशी यांनी शपथ घातली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सासरे कपडे करून दारात उभे. "चिक्कडपल्लीला चला." वाचनालयात रखवालदाराशिवाय कुणी नव्हतं. जिन्याजवळच्या त्या खांबाच्या तळाशी ते उकिडवे बसले आणि पिशवीतून लांब टोच्या काढून त्यांनी खांबात रेटला. वरचा रंग जाड, घट्ट, अगदी तुकतुकीत. टोच्या त्यातून लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो बाहेर काढला, टोकावरची वाळवीची माती बघितली आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

"मी आता डोळ्यांनी अंदाज करतो, जावईबापू," ते म्हणाले. "रंग बघतो, चिरा बघतो आणि ऐकल्याचं सोंग करतो. आतापर्यंत निभावलं. पण माझ्या शब्दावर इथं माणसं वर चढली असती."

मी माझ्या स्वभावाला जागून सुचवलं की खडूची खूण पुसून टाकू, कुणाला काय कळतंय. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं एकदा आमच्या कपाटाकडे पाहिलं होतं.

पुढच्या शनिवारी बारा विद्यार्थी आणि मुद्दाम आलेले सेक्रेटरी यांच्यासमोर सासरे त्या खांबाशेजारी उभे राहिले. "मी चुकलो," ते म्हणाले. "मला नीट ऐकू येत नाही. दोन वर्षं लपवलं. या पोरीनं बराबर ऐकलं आणि मी तिचा अपमान केला." मग त्यांनी लावण्याला हात जोडले. ती इतकी गडबडली की तिनंही जोडले, आणि क्षणभर दोघं एकमेकांना नमस्कार करत उभे राहिले.

सेक्रेटरींना मात्र आयतीच संधी सापडली. "उस्तादलाच ऐकू येत नाही, तर यांचा कागद घेऊन मी काय करू? पाडा!"

सासऱ्यांनी हे नेमकं ऐकलं असावं, कारण त्यांची मान खाली गेली. उत्तर लावण्यानं दिलं. "त्यांना येत नाही, साहेब. पण आम्हाला येतं. त्यांनीच शिकवलंय. आठही खांब परत ठोकते, तुम्ही शेजारी उभे राहा."

तिनं ठोकले. सेक्रेटरी प्रत्येक खांबाला कान लावत तिच्यामागून फिरले. जिन्याजवळचा खांब आला तेव्हा तर तेच आधी म्हणाले, "हा पोकळ!" आणि स्वतःवर इतके खूश झाले की पाडकामाचा विषय त्या दिवसापुरता विसरले. दीड महिना काम चाललं. सज्ज्याला लोखंडी टेकू दिले, खांबाचा सडका तळ कापून काढला आणि नव्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडला. सांधा बसला की नाही हे सासरे तळवा फिरवून सांगत, आणि त्यात ते एकदाही चुकले नाहीत. वर्गाचा कागद सेक्रेटरींनी घेतला; फंक्शन हॉल दुसरीकडे कुठंतरी झाला म्हणतात.

प्रमाणपत्रं वाटायच्या दिवशी विद्यार्थ्यांच्या वतीनं लावण्या बोलली. पुढचा वर्ग ती घेणार आहे, हे सासऱ्यांनीच ठरवलं होतं. ते पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. ती बोलत होती तेवढा वेळ ते गंभीरपणे मान डोलवत होते, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

घरी परतताना गाडी तारनाक्याच्या सिग्नलला थांबली. सासऱ्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि जरा संकोचून विचारलं, "ती काय म्हणाली?"

मी काच वर केली आणि मोठ्यानं, सावकाश, एकेक वाक्य करून त्यांना सगळं भाषण ऐकवलं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी मी ते पुरं केलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. त्यातली दोन वाक्यं तिची नव्हती, माझी होती; पण ती मला एरवी कधी त्यांना सांगता आली नसती.