दुसऱ्या दारचं विरजण

सकाळी लॅपटॉपवर लिनक्स अपडेट करत होतो. बाकीची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, निमूट उतरली, एक मात्र अडून बसलं. मी हट्टाने त्याच सर्व्हरला तीच कमांड पुन्हा पुन्हा देत होतो आणि लाल अक्षरांत तोच नकार येत होता.

तेवढ्यात सुमन वाटी घेऊन घरात आली. "शेजारच्या काकूंकडचं विरजण संपलंय. वरच्या मजल्यावरून आणलं," म्हणाली आणि पडद्याकडे बघून हसली. "अहो, तुम्ही अजून त्याच दाराशी?"

खरंच की! तेच पॅकेज कितीतरी सर्व्हरवर ठेवलेलं असतं. मी दुसरा सर्व्हर निवडला आणि ते चटकन उतरलं. विरजण तरी कुणा एकाचं कुठे असतं? घरोघरी थोडं थोडं उरतं, म्हणून तर ते टिकतं.

संध्याकाळी दही छान लागलं. इतक्यात बेल वाजली. दारात शेजारच्या काकू, हातात रिकामी वाटी.