घरच्या नारळाचा हट्ट

आमच्या घरात शेतीशास्त्र शिकलेला मी एकटाच, आणि ताईचा साखरपुडा मोडायची वेळ आणली तीही मीच.

गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची. राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हौसेनं नारळ लावला होता. उसाच्या आधी त्याला पाणी मिळायचं (आणि माझ्या आधी त्याला कौतुक). झाड धरलं तसं अण्णांनी गावभर सांगून टाकलं, "जावयाच्या हातात घरचाच नारळ देनार. इकतचा आनायचा न्हाई."

साखरपुड्याच्या सकाळी मी शिडी लावून नारळ पाडला. पाहुणे मांडवात बसले, भटजींनी नारळ मागितला, आणि तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की आम्ही जन्मभर दुकानातला, शेंडी राखलेला नारळ पाहिलेला. हा तर अख्खा सालीत! तो सोलतात कसा, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कृषी पदविका हाय ना तुझी? मग सोल," अण्णा म्हणाले.

(अभ्यासक्रमात नारळ होता. फक्त लागवडीपर्यंत.)

मी कोयता मारला, तो सालीतच रुतून बसला. पहारीनं बदडलं, तर माझाच खांदा निखळायला आला. तिकडे मुलाचे मामा सारखे घड्याळ बघत होते. शेवटी चुलते म्हणाले, "ट्रॅक्टरखाली घाल." मी घातला! चाकाखालून नारळ जो सटकला, तो थेट मामांपुढच्या सरबताच्या पातेल्यात. मामा नखशिखांत गोड झाले.

"पोरगी चांगली हाय, पन ह्या घरात सोयरीक नको," म्हणत ते उठलेच. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात नवरदेव पुढे झाला. त्याची नोकरी चिपळूणला. पातेल्यातून नारळ काढत तो शांतपणे मला म्हणाला, "पाव्हणं, पहार जमिनीत रोवा. टोक वर." त्या टोकावर त्यानं नारळ तीनदा दाबून पिरगळला आणि साल मोकळी झाली. ताई खुदकन हसली. मिशीतलं सरबत पुसता पुसता मामाही हसले. अण्णांनी तोच नारळ मोठ्या सन्मानानं जावयाच्या हातात दिला. मला इतका आनंद झाला की मी भटजींनाच मिठी मारली.

फोटोग्राफर म्हणाला, "घरच्यांनी या." मी धावलो.

"तू मागनं ये," अण्णा म्हणाले, "आधी साली गोळा कर."

अल्बममध्ये मी आहे, पण शोधावं लागतं: मांडवाच्या कोपऱ्यात, वाकलेला, हातात खराटा. खाली ताईनं पेनानं लिहून ठेवलंय, 'आमचे कृषितज्ज्ञ'.